नुसते 'खा' म्हणून भागत नाही

वजनाचा विषय निघाला की हल्ली बोलणे एकाच दिशेने जाते, ते कमी कसे करायचे याकडे. आहाराचे सल्ले, व्यायामशाळांच्या जाहिराती, दवाखान्यातल्या सूचना, सगळ्यांचा रोख पोटाच्या घेरावर असतो. त्यात चुकीचे काही नाही. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ या वयोगटातील सुमारे २१ टक्के स्त्रिया आणि १६ टक्के पुरुष यांचे वजन उंचीच्या मानाने अपुरे आढळले. सत्तरीकडे झुकल्यावर अंगावरचे कपडे ढिले होऊ लागलेली माणसे या मोजणीत नाहीतच. यांतल्या कित्येकांना पुरेसे अन्न मिळत नाही, तो प्रश्न वेगळा आणि अधिक मोठा आहे. मात्र ज्यांच्या ताटात अन्न आहे, पण खाववत नाही, त्यांच्या वाट्याला वर्षानुवर्षे एकच सल्ला येतो : 'जरा खात जा.'

हा सल्ला निरुपयोगी आहे. चार घासांत पोट भरल्यासारखे वाटणाऱ्या माणसाला आणखी एक पोळी वाढणे हा उपाय नव्हे. भूक काही इच्छाशक्तीवर चालत नाही. वय वाढते तशी गंध आणि चवीची जाण मंदावते, जठर सावकाश रिकामे होते, कवळी बोचते. मेटफॉर्मिनसारख्या नेहमीच्या औषधांनीही काहींची भूक मरते. एकट्याने जेवणारा माणूस कमी जेवतो. म्हणून पहिला प्रश्न 'किती खाता' हा नसून 'का खाववत नाही' हा असायला हवा. कसलाही प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन पाच टक्क्यांनी उतरले, म्हणजे साठ किलोच्या माणसाचे तीन किलो गेले, तर तपासणी टाळू नये. मधुमेह, थायरॉइडचे विकार, क्षय, कर्करोग, नैराश्य यांपैकी काहीही त्यामागे असू शकते. 'वय झाले की माणूस वाळायचाच' हे वाक्य अनेक घरांत निदान लांबवते.

दुसरा गोंधळ वजन आणि स्नायू यांच्यातला. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना मांडली होती. दोघांचा देहभार निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. काटा एकच आकडा दाखवतो, आतला माल मात्र वेगळा असतो. दिसायला किरकोळ, पण स्नायू कमी आणि चरबी जास्त, अशी ठेवण भारतीयांत सर्रास आढळते. अशा माणसाने शीतपेये आणि मिठाईच्या जोरावर पाच किलो वाढवले, तर त्याच्या पदरात ताकद पडत नाही, मधुमेहाचा धोका तेवढा पडतो.

मग स्नायू वाढायचे कसे? या प्रश्नाचे एक बोलके उत्तर १९९४ साली बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमातून आले. सरासरी वय ८७ असलेल्या शंभर अशक्त वृद्धांवर दहा आठवडे प्रयोग झाला. काहींना पायांच्या स्नायूंचा, हळूहळू भार वाढवत नेणारा व्यायाम दिला, काहींना पौष्टिक पेय, काहींना दोन्ही. व्यायाम करणाऱ्यांची स्नायूशक्ती दुपटीहून अधिक झाली. नुसत्या पेयाने ताकदीत फरक पडला नाही. आणखी एक बाब महत्त्वाची होती. दिवसभरातले एकूण खाणे खऱ्या अर्थाने वाढले ते फक्त पेय आणि व्यायाम दोन्ही मिळालेल्यांचे. व्यायामाविना पेय घेणाऱ्यांनी तेवढे नेहमीचे जेवण कमी केले होते.

याचा अर्थ सरळ आहे. स्नायूंना काम दिल्याशिवाय वरून ओतलेले अन्न अंगी लागत नाही. रोजचे चालणे हृदयासाठी उत्तम, पण स्नायू वाढवायला ते पुरत नाही. त्यासाठी आठवड्यातून दोन-तीन दिवस भाराविरुद्ध व्यायाम हवा. तरुणांसाठी बैठका, जोर, वजने. ज्येष्ठांसाठी हात न टेकता खुर्चीवरून उठणे-बसणे, भिंतीला हात लावून जोर, पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलणे. सोपे वाटू लागले की थोडा भार वाढवायचा. हृदयविकार किंवा सांध्यांचे दुखणे असल्यास आधी डॉक्टरांना विचारायचे.

खाण्याच्या बाबतीत सूत्र असे की ताट मोठे करू नये, घास सकस करावा. वजन वाढायला रोजच्यापेक्षा साधारण ३०० ते ५०० कॅलरी जास्त लागतात. मूठभर शेंगदाणे, ग्लासभर म्हशीचे दूध आणि भातावर दोन चमचे तूप एवढ्यात त्या भरतात, आणि पोटही तुडुंब होत नाही. तीन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान खाणी बरी. जेवणाआधीचा चहा आणि जेवताना प्यायलेले तांब्याभर पाणी भुकेची जागा अडवतात. ती तासभर मागे-पुढे ढकलावीत. नाचणीला मोड आणून केलेले सत्त्व हा तर आपल्याकडच्या जाणत्या बायकांचा शास्त्रशुद्ध उपाय आहे. मोड आल्यावर धान्यात तयार होणारी विकरे पिठूळ भाग फोडतात, त्यामुळे पेज घट्ट होत नाही आणि तेवढ्याच वाटीत जास्त पीठ मावते. प्रथिने मात्र मुद्दाम मोजावी लागतात. निरोगी प्रौढासाठी दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम ही रोजची शिफारस, तर स्नायू वाढवायचे असतील तर १.२ ते १.६ ग्रॅम. अंड्यात सहा ग्रॅम, वाटीभर वरणात साधारण तेवढीच. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी हे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. फार दिवस जवळजवळ उपाशी राहिलेल्यांचा आहारही वैद्यकीय देखरेखीखालीच वाढवावा.

नेमका सल्ला मिळत नाही, तिथे बाजार घुसतो. वजन वाढवणाऱ्या महागड्या डब्यांतली बरीच पावडर म्हणजे निव्वळ माल्टोडेक्स्ट्रिन आणि साखर. त्याहून घातक आहेत लेबलावर काहीच न सांगणारी चूर्णे. अशा चूर्णांत छुपे स्टेरॉइड सापडल्याची प्रकरणे वेळोवेळी उघड झाली आहेत. त्याने चेहरा भरतो, काटा सरकतो. पण ती सूज असते आणि स्नायू उलट झिजतात.

वजन वाढणे ही हौसेची बाब नव्हे, हे क्षयरोगाने सिद्ध केले आहे. झारखंडमध्ये डॉ. अनुराग आणि डॉ. माधवी भार्गव यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या 'रेशन्स' अभ्यासात रुग्णांना औषधांबरोबर तांदूळ, डाळ, दूध पावडर आणि तेल दिले गेले. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन पाच टक्के वाढले, त्यांच्यातला मृत्यूचा धोका ६१ टक्के कमी दिसला. हे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. निक्षय पोषण योजनेतील मदत नोव्हेंबर २०२४ पासून महिना ५०० वरून १००० रुपये झाली, हे स्वागतार्हच. पण ती दिवसाला तेहतीस रुपये भरते, आणि ते कसे खर्चावेत हे सांगणारे कोणी नसते.

म्हणून सुरुवात साधी असावी. प्रत्येक दवाखान्यात केसपेपरवर रक्तदाबाशेजारी वजन लिहिले जावे आणि मागच्या आकड्याशी ताडून पाहिले जावे. घरातल्या ज्येष्ठांचे वजन महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर. आकडा खाली जात असेल तर 'खा' म्हणून मोकळे होण्याऐवजी कारण शोधावे, घास सकस करावा आणि अंगाला काम द्यावे. वजन घटवण्यासाठी जेवढी यंत्रणा उभी राहिली आहे, तिचा थोडा वाटा ज्यांचे वजन वाढत नाही त्यांनाही मिळायला हवा.