अर्धमुक्त खेळाडू : कोणास ठेवावें, कोणास जाऊं द्यावें?

हॉकी म्हटली म्हणजे आमच्या वाचकांच्या डोळ्यांपुढें हिरवें मैदान, वांकडी काठी, पांढरा चेंडू आणि मेजर ध्यानचंद हींच चित्रें उभीं राहतात, व तें योग्यच आहे. परंतु कॅनडा व अमेरिकेचीं संयुक्त संस्थानें या देशांत हॉकी म्हणजे बर्फावर, पोलादी पात्यांचे जोडे पायांत घालून, चेंडूऐवजीं रबराच्या काळ्या चकतीनें खेळावयाचा खेळ होय. ज्यांनीं बर्फ केवळ सरबताच्या गोळ्यांतच पाहिला आहे त्यांनीं त्या खेळाच्या डावपेचांवर मत द्यावें हें हास्यास्पद होईल, आणि आम्हीही त्यांपैकींच आहों. तथापि त्या खेळाच्या व्यवहारांत दर उन्हाळ्यांत एक प्रश्न उभा राहतो, तो बर्फाचा नसून विवेकाचा आहे. आणि त्यावर दोन शब्द लिहिण्यास आम्हांस संकोच वाटत नाहीं.

प्रथम नियम सांगतों. त्या देशांतील मोठ्या संघांची 'नॅशनल हॉकी लीग' नांवाची संस्था आहे. तींत आज ३२ संघ असून खेळाडू पगारी आहेत. तरुण खेळाडूचा पहिला करार संपला म्हणजे तो मोकळा झाला असें कोणीही समजेल, पण तसें होत नाहीं. सामान्यतः वयाचीं २७ वर्षें होईपर्यंत किंवा लीगमध्यें सात हंगाम भरेपर्यंत त्याजवर जुन्या संघाचा कांहीं हक्क उरतो. अशा खेळाडूस तिकडे 'रिस्ट्रिक्टेड फ्री एजंट' म्हणतात. आम्ही त्यास येथें 'अर्धमुक्त' म्हणूं. जुन्या संघानें ठरलेल्या मुदतींत त्यास नियमाप्रमाणें किमान वेतनाचा देकार दिला तर हक्क कायम राहतो. न दिला तर खेळाडू पूर्ण मोकळा होतो. देकार दिल्यावरही दुसऱ्या संघास त्यास लेखी मागणी घालतां येते. खेळाडूनें तीवर सही केली कीं जुन्या संघाच्या हातांत सात दिवस राहतात. त्या अवधींत तेंच वेतन, तितक्याच वर्षांसाठीं, स्वतः देण्याचें कबूल करून त्यास ठेवावें. अथवा त्यास जाऊं द्यावें, व मोबदला म्हणून नवोदित खेळाडू निवडण्याचे कांहीं हक्क दुसऱ्या संघाकडून घ्यावे. वेतन जितकें मोठें तितका मोबदलाही मोठा. अगदीं लहान वेतनास मात्र मोबदला मुळींच नाहीं.

यांत आणखी एक गांठ आहे. २००४-०५ चा सबंध हंगाम मालक व खेळाडू यांच्या तंट्यांत टाळेबंदीनें बुडाला, आणि त्यानंतर प्रत्येक संघाच्या एकूण वेतनखर्चास कमाल मर्यादा घालण्यांत आली. २००५-०६ मध्यें ती ३ कोटि ९० लक्ष डॉलर होती. २०२४-२५ मध्यें ८ कोटि ८० लक्ष झाली होती. मालक कितीही धनाढ्य असला तरी एका खेळाडूस अधिक दिलें कीं दुसऱ्याच्या वांट्यास कमी येतें. ठराविक पगारांत मुलांची फी, घरभाडें आणि वाण्याचें बिल भागविणाऱ्या आमच्या पालकवर्गास हें गणित समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं.

आतां एक घडलेली हकीकत घेऊं. २४ जून २०२४ रोजीं एडमंटन येथील 'ऑयलर्स' संघ स्टॅन्ली चषकाच्या अंतिम मालिकेंतील सातवा सामना फ्लोरिडाच्या संघाशीं २-१ असा हरला. एका गोलानें हुकलेला चषक पुढच्या वर्षीं आणावयाचाच, या ईर्षेनें चालक कामास लागले. १ जुलै रोजीं पूर्ण मोकळ्या खेळाडूंचा बाजार उघडतांच त्यांनीं व्हिक्टर आर्व्हिडसन या ३१ वर्षांच्या खेळाडूस दोन वर्षांकरितां, सालीना ४० लक्ष डॉलरवर, व जेफ स्किनर या ३२ वर्षांच्या खेळाडूस एका वर्षाकरितां ३० लक्ष डॉलरवर आणिलें. दोघेही नांवाजलेले, गोल करण्यांत वाकबगार. त्याच वेळीं घरचे दोन तरुण अर्धमुक्त होऊन वाट पाहत होते. एक फिलिप ब्रोबर्ग, वय २३, स्वीडनचा बचाव-खेळाडू, २०१९ च्या नवोदितांच्या निवडींत आठवा; दुसरा डिलन होलोवे, वय २२, आघाडीचा खेळाडू, २०२० च्या निवडींत चौदावा. दोघेही त्या अंतिम मालिकेंत खेळले होते. परंतु ते घरचेच, कोठें जातात, अशा भावनेनें त्यांचे करार मागें राहिले असावे.

१३ ऑगस्ट रोजीं सेंट लुईच्या 'ब्लूज' संघानें दोघांच्या मागण्या एकदमच पुढें ठेविल्या : ब्रोबर्गला सालीना ४५,८०,९१७ डॉलर, होलोवेला २२,९०,४५७ डॉलर, मुदत प्रत्येकीं दोन वर्षें. हे चमत्कारिक आंकडे सहज पडलेले नाहींत. पहिला आंकडा म्हणजे दुसऱ्या फेरींतील एका हक्कावर ज्या पायरीचा मोबदला भागतो तिची अगदीं वरची कड. दुसरा आंकडा तिसऱ्या फेरीच्या पायरीची तशीच कड. एक डॉलर वाढविला असता तर मोबदला वाढला असता. मोबदला देतांना हक्क स्वतःचाच असावा लागतो, म्हणून पूर्वीं पिट्सबर्गला दिलेला आपला दुसऱ्या फेरीचा हक्क सेंट लुईनें त्यापूर्वीं परत मिळवून ठेविला होता. शेजारी किती बारकाईनें पाहत असतो याचें हें उत्तम उदाहरण होय. सात दिवस लोटले, आणि २० ऑगस्ट रोजीं एडमंटननें दोघांसही जाऊं दिलें. हातीं आले ते २०२५ च्या निवडींतील दुसऱ्या व तिसऱ्या फेरीचे एकेक हक्क, आणि एका वेगळ्या व्यवहारानें एक नवोदित खेळाडू व पुढील काळांतील तिसऱ्या फेरीचा आणखी एक हक्क.

आतां बेरीज करून पाहा. आर्व्हिडसन व स्किनर यांजवर त्या सालीं खर्च झाला ७० लक्ष डॉलर. ब्रोबर्ग व होलोवे यांस ठेविण्यास लागले असते ६८,७१,३७४ डॉलर. एकाच किंमतीचीं दोन गाठोडीं होतीं, आणि ज्यांत तिशी उलटलेले पाहुणे होते तें घरांत आलें. २०२४-२५ च्या हंगामांत होलोवेनें सेंट लुईकडून २६ गोल केले व ३७ गोलांस साह्य केलें. ब्रोबर्ग बचावांत भरवशाचा ठरला. आर्व्हिडसन व स्किनर मात्र २०२५ च्या जुलैंत एडमंटनमधून गेलेही, एक बॉस्टनला व दुसरा सॅन होजेला.

तथापि एकाच बाजूनें बोलणें आम्हांस रुचत नाहीं. ऑगस्टमध्यें ज्यांस निर्णय करावयाचा होता त्यांजपुढें पुढल्या वर्षाचे गोल लिहून ठेविलेले नव्हते. ब्रोबर्ग २०२३-२४ च्या साखळी सामन्यांत फारच थोडा खेळला होता; त्या खेळावर पाहतां ४५ लक्ष ही रक्कम डोळे पांढरे करणारीच होती. शिवाय या दोघांवांचूनही एडमंटन २०२५ सालीं पुन्हा अंतिम मालिकेपर्यंत पोहोंचलें, व पुन्हा फ्लोरिडाशींच हरलें. सेंट लुई मात्र पहिल्याच फेरींत विनिपेगकडून, सातव्या सामन्यांत, बाहेर पडलें. तेव्हां एडमंटनचें सर्वस्व बुडालें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. आमचा आक्षेप ऑगस्टच्या निर्णयावर फारसा नाहीं; तो जुलैच्या विसरावर आहे. मर्यादेखालची जागा पाहुण्यांनीं भरून टाकल्यावर सात दिवसांत काय विचार होणार?

आणि गंमत अशी कीं, एडमंटनचे प्रमुख व्यवस्थापक म्हणून २४ जुलै २०२४ रोजीं, म्हणजे बाजार होऊन गेल्यावर, जे स्टॅन बोमन आले, त्यांजवर असाच प्रसंग चौदा वर्षांपूर्वीं येऊन गेला होता. २०१० सालीं ते शिकागोच्या 'ब्लॅकहॉक्स' संघाचे व्यवस्थापक होते. त्या संघानें नुकताच, १९६१ नंतर प्रथमच, चषक जिंकला होता, आणि जिंकणाऱ्यास जें भोगावें लागतें तें भोगीत होता : सर्वांचीं वेतनें वाढलीं, मर्यादा मात्र तीच. खेळाडूंमागून खेळाडू विकावे लागले. अशांत सॅन होजेच्या 'शार्क्स' संघानें निक्लास यालमारसन या २३ वर्षांच्या बचाव-खेळाडूस चार वर्षांकरितां १ कोटि ४० लक्ष डॉलरची मागणी घातली. यालमारसन कांहीं गोल करून टाळ्या घेणारा नव्हे. अंग पुढें करून चकती अडविणें हें त्याचें काम. शिकागोनें मागणीइतकें वेतन देऊन त्यास ठेविलें. पुढें गोलरक्षक अँटी निएमी, ज्यानें चषक राखला होता, त्याचें वेतन लवादानें २७ लक्ष ५० हजार डॉलर ठरविलें, आणि तें देण्यास शिकागोपाशीं जागा उरली नाहीं. ऑगस्टच्या आरंभीं त्यांनीं त्यास सोडून दिलें, आणि तो गेला तो सॅन होजेलाच! चषक जिंकून देणाऱ्या गोलरक्षकास दोनच महिन्यांत निरोप हें पाहून पुष्कळांस विषाद वाटला असेल. पण शिकागोच्या पदरीं कोरी क्रॉफर्ड नांवाचा त्यांच्याच तालमींत वाढलेला गोलरक्षक होता. त्याच हंगामांत त्यानें ती जागा मिळविली, आणि २०१३ व २०१५ या दोन्ही सालीं चषक पुन्हा शिकागोस आला तेव्हां गोलापुढें क्रॉफर्ड होता व बचावांत यालमारसन.

आमच्या मतें येथें खरी कसोटी सांपडते. कोण अधिक नांवाजलेला, हें पाहण्यापूर्वीं, कोण गेला असतां त्याची जागा घरांतून भरून निघेल, हें पाहावें. निएमीची जागा भरावयास माणूस होता. यालमारसनची नव्हती भरत. दुसरें, वय. २२-२३ वर्षांच्या मुलाचें वेतन ठरवितांना मागील हंगामाचा हिशेब पुरा पडत नाहीं, कारण आपण त्याचें उद्यांचें काम विकत घेतों. तिशी उलटलेल्याच्या बाबतींत मात्र लोक बहुधा कालच्याच कामाची किंमत देतात. बचाव-खेळाडू तर आघाडीच्या खेळाडूपेक्षां उशिरां पिकतो. त्यास बारा सामन्यांवरून तोलणें हें आंब्यास चैत्रांत आंबट म्हणून टाकून देण्यासारखें आहे.

ओघानें एक जुनी गोष्ट सांगतों, कारण सेंट लुईच्या चातुर्याची स्तुति ऐकून एखादा विद्यार्थी असें समजावयाचा कीं दुसऱ्याचे खेळाडू ओढून आणणें हा सदैव फायद्याचा धंदा आहे. याच संघानें १९९० सालीं वॉशिंग्टनकडून स्कॉट स्टीव्हन्स यास आणिलें व त्यापायीं पहिल्या फेरीचे पांच हक्क दिले. पुढच्याच वर्षीं न्यू जर्सीकडून ब्रेंडन शॅनहॅन यास ओढिलें. मोबदला काय द्यावयाचा यावर वाद झाला, लवाद बसला, आणि लवादानें निकाल दिला कीं, स्टीव्हन्स न्यू जर्सीस द्यावा. पांच हक्क गेले ते गेलेच, माणूसही गेला. त्याच स्टीव्हन्सनें न्यू जर्सीचा कर्णधार होऊन १९९५, २००० व २००३ असा तीन वेळां चषक उचलला.

ज्या तरुणांनीं दुसऱ्याच्या मागणीवर सही केली त्यांस कृतघ्न म्हणण्याची कांहीं प्रेक्षकांस संवय असते. आम्ही तीस संमत नाहीं. नियमानें दिलेल्या एकाच दारानें ते बाहेर पडले, आणि तें दार सात दिवस जुन्या संघाच्याच हातीं होतें. त्यांचें आयुष्यांतील कमाईचें वय थोडें; एक दुखापत झाली तर तेंही संपतें. आमच्या वाचकांपैकीं ज्यांचे वडील बंधु पहिल्या नोकरींत पगारवाढीची वाट पाहत असतील त्यांस हें लवकर समजेल.

मग एडमंटननें करावयास काय पाहिजे होतें? आम्हांस विचाराल तर, जूनमध्येंच दोघांशीं बोलून, मागणी येण्यापूर्वीं, त्याहून कमी वेतनांत त्यांस बांधून घ्यावयास हवें होतें. आणि स्किनर व आर्व्हिडसन यांपैकीं एकासच आणावयाचें. तें साधलें नाहीं व २० ऑगस्ट उजाडला, तर निदान एकास ठेवावयाचें. कोणास? आम्हीं वर बचाव-खेळाडूची बाजू घेतली असली तरी येथें आमचें मत होलोवेकडे झुकतें. ब्रोबर्गकरितां मागितलेल्या रकमेवर दोन शहाण्यांचें दुमत होणें शक्य होतें. होलोवेकरितां मागितले होते २३ लक्षांहूनही कमी, म्हणजे स्किनरला दिलेल्या रकमेच्या सुमारें तीन-चतुर्थांश, आणि मोबदला होता तिसऱ्या फेरींतील एक हक्क. त्या फेरींत निवडलेल्या मुलांपैकीं थोडेच पुढें लीगमध्यें टिकून खेळतात, आणि जो टिकतो त्यासही तेथवर येण्यास कित्येक वर्षें लागतात. होलोवे तर आलेलाच होता. त्याची पेटी एडमंटनमध्यें, त्याच्या नांवाच्या खुंटीखालीं, ठेवलेली होती.