गोधडी आणि आकृतींचें पुस्तक

भूमितीच्या आकृतींचीं पुस्तकें पाहून गोधडी शिवावी काय? शिवावी, असें माझें मत आहे. मात्र चित्र उतरवून नव्हे.

माहूरच्या डोंगरांत थंडीची रात्र जिच्यावर निघते ती गोधडी जुन्या लुगड्याधोतरांची. गेल्या हिवाळ्यांत मी पुस्तकांतील आठ टोकांचा तारा जसाच्या तसा उचलला व त्यासाठीं दिवंगत आजीचें लुगडें कातरलें. तिरपें कापलेलें जुनें कापड शिवतांना ताणलें, टोकें जुळेनात, पदर वायां गेला. भूमितीच्या तासाला हें कोणी सांगत नाहीं!

हँकिन नांवाचे जंतुशास्त्रज्ञ आग्र्यास होते. फत्तेपूर शिक्रीच्या हमामखान्यांत गिलाव्यावर त्यांस नक्षीखालच्या पुसट रेघा दिसल्या. कारागीर आधीं बहुकोनांचें जाळें आंखीत व त्यावर नक्षी बेतीत, हें त्यांनीं ताडलें. त्यांचें पुस्तक पुरातत्त्व खात्यानें १९२५ सालीं छापलें.

पुस्तकांतून घ्यावें तें हें जाळें. त्याच्या घरांचें माप मात्र हातांतील ठिगळानें ठरवावें. धाग्याच्या ओळीनें कापलेला चौकोन झिजलेल्या कापडाचाही टिकतो. आमच्या आयाबायांचा धांवदोरा कडेपासून आंत आंत चौकोनानेंच फिरतो. ताऱ्याची हौस नव्या खणावर भागवावी. आजीच्या लुगड्याचा कांठ उरला आहे, तो मी यंदा न कातरतां लावणार आहें.