उसाच्या फडावरील बालवाडी

दसरा सरला कीं पाथर्डी-शेवगांवकडील कुटुंबें मुकादमाची उचल फेडण्यास घराबाहेर पडतात, आणि आमच्याच जिल्ह्याच्या उत्तर भागांतील साखर कारखान्यांच्या आवारांत, तशाच परजिल्ह्यांतहि, त्यांच्या कोप्या उभ्या राहतात. तोडणीस येणाऱ्या नवराबायकोच्या जोडीस तेथें ‘एक कोयता’ म्हणतात. या हिशेबांत पोराची गणना कोठेंच नाहीं. आई पहाटेच्या काळोखांत फडावर जाते. तीन वर्षांचें मूल तिच्यामागें पाचटावर बसून राहतें, नाहीं तर सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या हवालीं कोपींत पडून असतें. त्याच्या गांवीं अंगणवाडी आहे व तिच्या पटावर त्याचें नांवहि आहे. परंतु अंगणवाडी गांवीं राहिली आणि मूल येथें आलें.

२०२२ सालीं केंद्र सरकारतर्फे पायाभूत स्तराचा अभ्यासक्रम आराखडा प्रसिद्ध झाला. तीन ते आठ हीं वर्षें म्हणजे शिक्षणाचा एक अखंड टप्पा होय आणि या वयांत खेळ, गोष्टी, गाणीं व वस्तूंची हाताळणी यांतूनच मूल शिकतें, हें त्यांतील मुख्य तत्त्व आम्हांस सर्वथा मान्य आहे. (शहरांतील सुखवस्तु पालक तीन वर्षांच्या मुलाच्या हातीं पेन्सिल देऊन त्याजकडून अक्षरें गिरवून घेतात, त्यांच्याविषयीं पुन्हा केव्हां तरी लिहूं.) पण वर्षांतील पांच-सहा महिने जें मूल फडावर असतें, त्याच्यापर्यंत हा आराखडा पोंचणार कसा?

या प्रश्नाचें उत्तर महाराष्ट्रानें पूर्वींच दिलेलें आहे. भावनगरास गिजुभाई बधेका यांच्यासमवेत काम केलेल्या ताराबाई मोडक यांनीं १९४५ सालीं बोर्डी येथें ग्राम बालशिक्षा केंद्र काढलें. गरीब वस्तींतील मुलें बालमंदिरांत येईनात. तेव्हां ताराबाई व अनुताई वाघ यांनीं आईबापांस बोल न लावतां बालवाडीच उचलून वस्तीच्या अंगणांत नेली. परदेशी धर्तीच्या महागड्या साधनांची जागा शंख-शिंपले, खडे व बिया यांनीं घेतली. पुढें कोसबाडास गुरें राखणाऱ्या मुलांकरितां त्यांनीं कुरणांतच शाळा भरविली. अंगणांत जी गेली व कुरणांत जी भरली, ती उसाच्या फडावर कां जाऊं नये?

‘हें काम सरकारचें’ असें पेठेंतील कांहीं मंडळी म्हणतील. १९७५ पासून एकात्मिक बालविकास योजना चालू आहे, आणि स्थलांतरित मुलाची नोंद दुसऱ्या अंगणवाडींत फिरविण्याची सोयहि आतां आहे. परंतु कोप्यांची वस्ती गांवापासून दूर असते. पहाटे चारला निघणारी आई मुलास दहा वाजतां तेथें पोंचवणार कोण? टोळी निघतांना उघडणारी व टोळी परतल्यावर बंद होणारी बालवाडी कोप्यांच्या मध्यभागींच पाहिजे. एक मोठी पाल, पिण्याचें स्वच्छ पाणी, चिंचोके, चिकणमाती, दुपारचें ऊन ऊन जेवण, आणि टोळीचीच बोली बोलणाऱ्या दोन पगारी बाया. याहून अधिक खर्चाची गोष्ट आम्ही मागत नाहीं. उसाच्या पैशावर ज्यांच्या पेढ्या चालतात त्या व्यापाऱ्यांस ज्वारी, गूळ व शेंगदाणे यांचा भार जड वाटूं नये.

कारखान्याचे जे सभासद आमचे वाचक आहेत त्यांस आमची सूचना अशी कीं, मोळीपूजनापूर्वीं होणाऱ्या वार्षिक सभेंत त्यांनीं उठून संचालकांस एवढेंच विचारावें : गेल्या हंगामांत आपल्या आवारांत सहा वर्षांखालील मुलें किती होतीं, आणि दिवसभर त्यांजकडे कोण पाहत होतें?