देणगी कुणाला, वेळ कुणाचा?

विकिपीडिया उघडला की अधूनमधून पानाच्या माथ्यावर एक आवाहन दिसतं. आम्ही जाहिराती घेत नाही, वाचकांच्या छोट्या देणग्यांवर चालतो, तुम्हीही थोडा हातभार लावा, असा त्याचा आशय. मोबाइलवरून दोन मिनिटांत पैसे पाठवता येतात. गेल्या काही महिन्यांत आपल्यातल्या अनेकींनी विचारलं, की हे पैसे द्यावेत का? काहींनी तर संघटनेच्या निधीतूनच रक्कम पाठवावी असं सुचवलं. प्रश्न छोटा वाटतो, पण तो पैशापाशी थांबत नाही. म्हणून या वेळी त्यावरच लिहायचं ठरवलं.

आधी एक गोष्ट मान्य करू. या संकेतस्थळाचं आपल्यावर ऋण आहे. कायद्याचं कलम असो, आजाराचं नाव असो, परीक्षेची टिपणं असोत, आपण तिथे जातो आणि कुणी तिकीट मागत नाही. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. आज त्यावरच्या लेखांची संख्या लाखाच्या घरात आहे. मराठीत ज्ञानकोश उभा करणं कधीच स्वस्त नव्हतं. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढले, तेव्हा भांडवलासाठी कंपनी काढून लोकांना भाग विकावे लागले. पुढे वाईहून निघालेला मराठी विश्वकोश सरकारी खर्चाने झाला. पण ते जाडजूड खंड वस्तीतल्या मुलीच्या घरात कधी पोचले नाहीत. विकिपीडिया मात्र तिच्या फोनमध्ये आहे.

मग द्यावेत ना पैसे? थांबा. देणगी मागणाऱ्या कुठल्याही संस्थेला आपण जे विचारतो, ते इथेही विचारायला हवं. हिशोब दाखवा.

हिशोब उघड आहे, ही जमेची बाजू. हे संकेतस्थळ चालवणारी विकिमीडिया फाउंडेशन ही अमेरिकेतली ना-नफा संस्था. २०२३-२४ या वर्षात तिचा खर्च पावणेअठरा कोटी डॉलरच्या आसपास होता, आणि उत्पन्न त्याहून जास्त. संगणक-सर्व्हर चालते ठेवण्याच्या थेट खर्चाचा आकडा सुमारे ३१ लाख डॉलर. पगारांवर दहा कोटींहून अधिक. संस्थेकडे वर्षभराच्या खर्चाहून मोठी शिल्लक आहे, शिवाय २०१६ साली सुरू केलेला कायम निधी २०२१ मध्येच दहा कोटी डॉलरच्या वर गेला. पगारावर खर्च होतो म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. तंत्रज्ञ आणि वकील फुकट राबत नाहीत, आणि त्यांनी राबूही नये. कोर्टकचेऱ्यांचा खर्चही खरा आहे. वृत्तसंस्था एएनआयने २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात दोन कोटी रुपयांचा बदनामीचा दावा लावला, तेव्हा संस्थेला लढावंच लागलं. पण उद्या दिवा विझेल, अशी परिस्थिती नाही. इंग्रजी विकिपीडियाच्या स्वयंसेवक संपादकांनीच नोव्हेंबर २०२२ मध्ये कौल घेऊन सांगितलं होतं, की आवाहनाची भाषा वाचकाला घाबरवणारी आणि दिशाभूल करणारी आहे, ती बदला. तेव्हा अपराधी वाटून कुणी पैसे पाठवायचं कारण नाही.

मग तिथे कमतरता कशाची आहे? बायकांची.

२०११ च्या पाहणीत विकिपीडियावर लिहिणाऱ्यांत बायकांचं प्रमाण दहा टक्क्यांहूनही कमी निघालं. इंग्रजी विकिपीडियावरच्या चरित्रांपैकी आजही सुमारे पाचवा हिस्साच बायकांचा आहे. डोना स्ट्रिकलंड यांना ऑक्टोबर २०१८ मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, तेव्हा त्यांच्यावर तिथे लेखच नव्हता. काही महिन्यांपूर्वी कुणीतरी लिहिलेला मसुदा पुरेसे संदर्भ नाहीत म्हणून परत गेला होता. नोंद नसणं म्हणजे काय, हे आपल्याला नवं नाही. ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ साली पुण्यात छापलं गेलं, आणि स. गं. मालशे यांनी १९७५ मध्ये ते पुन्हा प्रसिद्ध करेपर्यंत जवळजवळ विसरलं गेलं होतं. ९३ वर्षं! आजची कागद वेचणारी, धुणीभांडी करणारी, परित्यक्तांचे मोर्चे काढणारी बाई आणखी ९३ वर्षांनी कुणाला सापडणार आहे?

यावर सोपं उत्तर असं, की मैत्रिणींनो, पैसे नका देऊ, वेळ द्या, लिहा. हे उत्तर आम्हाला पुरेसं वाटत नाही. बायकांकडे फुकट वेळ मागायची सवय साऱ्या जगालाच आहे. सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर पाहणीत घरातली बिनपगारी कामं करणाऱ्या बाईचे दिवसाला सरासरी २८९ मिनिटं त्यात जातात, अशी कामं करणाऱ्या पुरुषाची ८८. लिहायला बसायचे दोन तास आकाशातून पडत नाहीत. विकिपीडिया बिनपगारी श्रमांवर उभा आहे आणि ज्यांच्या वाट्याला आधीच बिनपगारी श्रम जास्त, त्या तिथे कमी आहेत, यात नवल ते काय?

म्हणून आमचं मत असं. जिला परवडतं आणि जी रोज वापरते, तिने स्वतःच्या कमाईतून खुशाल द्यावं. मात्र भारतातल्या मान्यताप्राप्त संस्थांना दिलेल्या देणगीवर मिळते तशी करसवलत यावर मिळणार नाही, हे लक्षात ठेवावं. संघटनेच्या निधीतून मात्र एक रुपयाही जाऊ नये. आपला निधी दहा-वीस रुपयांच्या पावत्या फाडून जमलेला आहे. हिंगण्याच्या आश्रमासाठी पार्वतीबाई आठवले दारोदार, अगदी अमेरिकेपर्यंत फिरल्या, त्या परंपरेतला हा पैसा. तो तिथेच खर्च व्हावा, जिथे त्याच्याविना काम अडतं.

काम अडतं ते बाईच्या त्या दोन तासांपाशी. तेव्हा निधीतून शनिवारच्या दुपारी विकत घेऊ या. लिहायला येणाऱ्या मैत्रिणीचं बसभाडं, तिच्या मुलांना सांभाळणारीचं मानधन, चहा-नाश्ता आणि एका संगणकाची सोय. विकिपीडियाला छापील, तपासता येणारे संदर्भ लागतात, आणि असे संदर्भ आपल्या कपाटांत धूळ खात पडले आहेत. मोर्चांचे वृत्तान्त, जुने अंक, न्यायालयीन लढ्यांची कात्रणं. आधी त्यांची सूची करू, पानं स्कॅन करू, मग त्यांच्या आधाराने मराठीत नोंदी लिहू. १९९३ साली पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, घरकामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ मध्ये कल्याण मंडळाचा कायदा झाला. त्यामागच्या बायकांची कामं नावानिशी लिहिली जायला हवीत. अर्थात, ज्या बाईला नाव बाहेर यायला नको आहे, तिचं ‘नको’ सर्वांत आधी.

पुढच्या सर्वसाधारण सभेत या खर्चाचा ठराव मांडणार आहोत. विरोध असेल तर तोही जरूर लिहा, पुढच्या अंकात छापू. आणि येताना घरातल्या माळ्यावरचे आपले जुने अंक तेवढे घेऊन या.