नागीण वेढा का पूर्ण करत नाही?

"नागिणीचं तोंड आणि शेपूट जुळलं की माणूस जातो," हे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी घरात ऐकलं असेल. गेल्या पावसाळ्यात आमच्या काकांना नागीण झाली, तेव्हा मीही ते पुन्हा ऐकलं आणि या विषयावर वाचायला बसलो.

नागीण बाहेरून येत नाही. लहानपणी आलेल्या कांजिण्यांचाच हा विषाणू, नाव व्हॅरिसेला झोस्टर. कांजिण्यांत तो त्वचेच्या पेशीत शिरतो आणि तिची यंत्रणा स्वतःच्या प्रती काढायला जुंपतो. शेजारच्या पेशी एकमेकींत मिसळतात, फुगतात, मरतात. तोच पाण्याने भरलेला फोड.

काही विषाणू मात्र मज्जातंतूंच्या वाटेने पाठीच्या कण्याजवळच्या चेतापेशींत पोचतात. तिथे ते पेशी मारत नाहीत. विषाणूचा डीएनए केंद्रकात कडं करून बसतो, त्याची जवळजवळ सगळी जनुकं बंद. प्रथिनंच बनत नाहीत, त्यामुळे प्रतिकारशक्तीला सुगावा लागत नाही. आमच्या धंद्याच्या भाषेत, फाइल डिस्कवर आहे पण प्रोग्रॅम चालू नाही. चेतापेशी आयुष्यभर टिकते, म्हणून हा भाडेकरूही टिकतो.

पन्नाशीनंतर, मधुमेहात किंवा प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधांमुळे पहारा ढिला पडला की तो जागा होतो. चेतापेशीत प्रती निघतात, तंतूला सूज येते आणि त्याच तंतूच्या वाटेने विषाणू त्वचेवर उतरतो. म्हणून पुरळ शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखं उठतं आणि सहसा मध्यरेषेपाशी थांबतं. वेढा पूर्ण होत नाही, तो यामुळे. मंत्राने नव्हे.

काकांचे पहिले पाच दिवस गेरूच्या लेपात आणि नागीण उतरवणाऱ्याकडे गेले. पुरळ सुकलं, पण बरगडीखालची आग आठ महिन्यांनीही आहे. सदरा टेकला तरी दचकतात. पुरळ त्वचेवर दिसतं, पण इजा मज्जातंतूला झालेली असते.

असायक्लोव्हिरसारखी औषधं विषाणूच्या प्रती काढणं थांबवतात, पण तो जागा असतानाच. झोपलेल्या विषाणूवर त्यांचा उपयोग नाही. म्हणून पुरळ दिसल्यापासून ७२ तासांच्या आत ती सुरू करणं उत्तम. उशीर झाला तरी डॉक्टरांना दाखवाच. डोळ्याजवळ पुरळ असेल तर त्याच दिवशी. फोड सुकेपर्यंत ज्यांना कांजिण्या आलेल्या नाहीत अशी लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून लांब राहावं. पन्नाशीपुढच्यांसाठी दोन डोसांची लसही २०२३ पासून भारतात मिळते. तिच्याबद्दल डॉक्टरांना विचारा.

आई-बाबा किंवा आजी फोनवर "एकाच बाजूला आग होतेय, पुरळ आलंय" म्हणाले, तर लेपाची चर्चा नंतर करा. आधी फोटो मागवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायला लावा.