कोंबडीचा भाव ठरला, मजुराचा कधी ठरणार?

रेल्वे आणि टपाल खात्यातील बंधू-भगिनींनो,

सुरत-भुसावळ मार्गावर ड्यूटी केलेल्या प्रत्येकाला नवापूर स्टेशन ठाऊक आहे. अर्धे महाराष्ट्रात, अर्धे गुजरातमध्ये. याच नवापुरात फेब्रुवारी 2006 मध्ये भारतातल्या कोंबड्यांमधला पहिला बर्ड फ्ल्यू जाहीर झाला. हद्दीची रेघ रोगाने मानली नाही. शेजारच्या उच्छल तालुक्यातही तो सापडला.

जाहीर होण्याआधी कित्येक दिवस तिथे कोंबड्या मरत होत्या. मालक मंडळी म्हणत होती, हा नेहमीचा राणीखेत रोग आहे. भोपाळच्या प्रयोगशाळेचा अहवाल आला आणि सरकार खडबडून जागे झाले. लाखो कोंबड्या मारून पुरल्या. रेल्वेच्या जेवणातून कोंबडी हद्दपार झाली. नीट शिजवलेल्या मांसात हा विषाणू जगत नाही, हे तेव्हाही शास्त्रज्ञ सांगत होते. पण ताटावर बंदी घालणे सोपे असते. शेडमध्ये काम करणाऱ्या आदिवासी मजुराच्या पोटाचे काय, हा प्रश्न अवघड असतो. म्हणून तो कुणी विचारलाच नाही.

त्यानंतर 2008 साली पश्चिम बंगालमध्ये सुमारे 40 लाख पक्षी मारले गेले. तिथे मोठे कारखानदार थोडे, परसात दहा-वीस कोंबड्या पाळणाऱ्या बायाच जास्त. पथक येताना दिसले की लोक कोंबड्या लपवू लागले. वर्तमानपत्रांनी त्यांना अडाणी ठरवले. आम्ही तसे म्हणणार नाही. ज्या घरात कोंबडी हीच बँक, त्या घराला तिचा पुरा मोबदला वेळेवर मिळेल असा भरवसा कुणी दिला होता? 2014 साली केरळात कुट्टनाडच्या बदकपालांवर हीच पाळी आली. 2021 मध्ये एकाच वेळी अनेक राज्यांत साथ पसरली. आपल्याकडे परभणी जिल्ह्यात मुरुंबा गावी कोंबड्या मेल्या आणि पंधरा वर्षांनी त्याच नवापुरात पुन्हा खड्डे खणावे लागले.

आता 2021 च्या भरपाईचा तक्ता पाहा. अंडी देणाऱ्या मोठ्या कोंबडीला 90 रुपये. मांसाच्या मोठ्या कोंबडीला 70 रुपये. पिल्लाला 20 रुपये. अंड्याला 3 रुपये. खाद्याला किलोमागे 12 रुपये. अर्धा वाटा केंद्राचा, अर्धा राज्याचा. फुटणाऱ्या अंड्याचा भाव ठरला, उरलेल्या खाद्याचाही ठरला. मात्र शेड रिकामी झाल्यावर ज्याचा रोज बुडतो, त्या मजुराची या तक्त्यात एक ओळसुद्धा नाही!

पुन्हा ही भरपाई मिळते ती सरकारने मारलेल्या पक्ष्याची. रोगाने आधीच मेलेल्याची नाही. करारावर कोंबड्या पोसणाऱ्याची तर आणखी कोंडी. पिल्ले कंपनीची, खाद्य कंपनीचे, शेड आणि कष्ट मात्र त्याचे. पक्षी कंपनीचा म्हणून भरपाईवर हक्कही कंपनीचा असे ठरले, तर कित्येक महिने रिकाम्या शेडकडे बघत बसणाऱ्याने खायचे काय?

आणि कोंबड्या मारतो कोण? पशुसंवर्धन खात्याचा कर्मचारी आणि त्याच्या जोडीला रोजंदारीवर आणलेला माणूस. त्यांना अंगभर संरक्षक पोशाख द्यावा, प्रतिबंधक औषध द्यावे, काम संपल्यावर काही दिवस त्यांच्या प्रकृतीवर नजर ठेवावी, असे सरकारच्याच कृती आराखड्यात आहे. कागद चांगला आहे. पण ज्याचे नाव हजेरीपटावर एका दिवसापुरतेच असते, त्याला दुसऱ्या आठवड्यात ताप आला तर शोधायला कोण जाणार? हा धोका काल्पनिक नाही. जुलै 2021 मध्ये दिल्लीच्या एम्समध्ये हरियाणातला एक लहान मुलगा दगावला. या विषाणूने देशात नोंदला गेलेला तो पहिला मानवी मृत्यू होता.

आमच्यातलेच काही बंधू म्हणतील, हा पोल्ट्रीवाल्यांचा प्रश्न, आपल्या युनियनने यात का पडावे? त्यांना आमचे उत्तर सरळ आहे. जिवंत पक्ष्यांचे पार्सल येते तेव्हा पाटी खांद्यावर घेणारा हमाल आपला आहे. तो डबा झाडणारा ठेकेदाराचा सफाई कामगार आपला आहे. गावातल्या शेवटच्या घरापर्यंत जाणारा ग्रामीण डाक सेवक आपला आहे. कुणाच्या परसात कोंबड्या पटापट मरताहेत हे पशुवैद्यकाच्या आधी त्याच्या कानावर येते, कारण कित्येक दवाखान्यांत पशुवैद्यकाची खुर्चीच रिकामी असते. आणि आपल्यातल्या कितीतरी जणांच्या गावच्या घरी आजही परसात कोंबड्या आहेत.

साथ लपवली जाते ती भीतीने. कळवले तर पोट जाईल, ही ती भीती. ती पोलिसी बंदोबस्ताने जात नाही, मोबदल्याच्या हमीने जाते. जो मजूर मेलेली कोंबडी पहिल्यांदा पाहतो, त्याच्या रोजाला संरक्षण द्या. मग बघा, बातमी मालकाच्या सोयीची वाट पाहत थांबणार नाही.

म्हणून आमच्या मागण्या अशा:

एक, साथीमुळे शेड बंद राहील तितके दिवस तिथल्या मजुरांना किमान वेतनाइतका निर्वाह भत्ता भरपाईच्या योजनेतूनच मिळाला पाहिजे.

दोन, करारावर पोसणाऱ्याचा भरपाईतला वाटा नियमात लिहिला गेला पाहिजे.

तीन, पक्षी मारणाऱ्या प्रत्येक रोजंदारी कामगाराची नावनिशी नोंद, विमा आणि पुढची वैद्यकीय तपासणी झाली पाहिजे.

चार, पशुवैद्यकीय खात्यातील रिक्त पदे कायमस्वरूपी भरली पाहिजेत.

पाच, पार्सल हाताळणाऱ्या कामगारांना, मग ते ठेकेदाराचे का असेनात, साथ येण्यापूर्वीच हातमोजे, मास्क आणि माहिती मिळाली पाहिजे.

हा विषाणू गेलेला नाही. 2025 च्या सुरुवातीला उदगीरला कावळे मरून पडले ते यानेच. पुढची साथ येईल तेव्हा पुन्हा खड्डे खणले जातील. त्या खड्ड्यात मजुराची भाकरीही पुरली जाऊ नये, एवढ्यासाठी हा ठराव प्रत्येक शाखेने आपल्या पुढच्या सभेत मांडावा, मंजूर करावा आणि वर पाठवावा.

कामगार एकजुटीचा विजय असो!