लाल कॅलिपर आणि मोलगीचा घाट

तर मंडळी, आज जरा भांडायच्या मूडमध्ये आहे. विषय: गाडीचे ब्रेक. ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनीही वाचा, कारण रस्त्यावर तुम्हीही असताच.

यंदा होळीला आम्ही चौघं पुण्याहून काठीला गेलो होतो. सातपुड्यातली राजवाडी होळी आयुष्यात एकदा तरी बघावी. ढोल, मोरपिसांचे टोप, रात्रभर नाच आणि पहाटे पेटणारी होळी. मुक्काम जवळच मोलगीला. गाडी मित्राची, टर्बो इंजिनवाली हॅचबॅक, ऑटोमॅटिक. दोनच महिन्यांपूर्वी साहेबांनी तिला लाखभर रुपये खर्चून 'बिग ब्रेक किट' बसवलं होतं. मोठ्या भोकाळ डिस्क, लालभडक कॅलिपर. पेट्रोल पंपावर पोरं वाकून बघायची :)

परत येताना मोलगीहून अक्कलकुव्याकडे देवगोईचा घाट उतरत होतो. गाडी 'डी'मध्ये आणि मित्राचा पाय ब्रेकवर. वळण, ब्रेक, वळण, ब्रेक. अर्ध्यात आधी जळका वास आला आणि मग मित्र एकदम शांतपणे म्हणाला, "अरे, पेडल खाली जातंय." तो आवाज मी विसरणार नाही. पुढच्या वळणाच्या कडेने डोक्यावर मोळ्या घेतलेल्या बायका चालत होत्या. गियर हाताने खाली टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि डोंगराच्या बाजूला गाडी कशीबशी थांबली. हुश्श.

मागून माणसांनी खच्चून भरलेली जीप आली. ड्रायव्हर थांबला, चाकाकडे बघून म्हणाला, "दादा, घाटात ब्रेकवर नाही, गियरवर उतरायचं." त्याची जीप पंधरा वर्षं जुनी तरी असेल. अर्ध्या तासाने ब्रेक गार झाले, पेडल परत कडक झालं आणि आम्ही दुसऱ्या गियरमध्ये गोगलगायीसारखे खाली आलो.

नंतर कळलं की किट बसवणाऱ्याने कधीची उघडी पडलेली डॉट ३ ऑइलची बाटली वापरली होती. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. ताजं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी मुरलं की ही हद्द १४० पर्यंत उतरते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळलं की वाफ होते, आणि वाफ दाबली जाते. तुम्ही पेडल दाबता ते कॅलिपरपर्यंत पोचतच नाही. मग कॅलिपर लाल असो की सोन्याचा.

आता माझा मुद्दा. ब्रेक चाक थांबवतो, गाडी थांबवतो तो टायर. जोरात ब्रेक मारल्यावर एबीएस थरथरायला लागलं, याचा अर्थ ब्रेकची ताकद टायरच्या पकडीपेक्षा आधीच जास्त आहे. आपल्याकडे २०१९ पासून प्रत्येक नव्या कारला एबीएस सक्तीचं आहे. अशा गाडीला मोठा कॅलिपर लावून एका ब्रेकमध्ये थांबायचं अंतर कमी होईल ही अंधश्रद्धा आहे. सर्व्हर स्लो आहे म्हणून मॉनिटर मोठा घेण्यासारखं. इंजिनियर ना आपण? आधी बॉटलनेक शोधा!

"पण मोठी डिस्क जास्त उष्णता झेलते," असं कोणी म्हणेल. बरोबर. कोइमतूरच्या करी ट्रॅकवर लॅपमागून लॅप मारणाऱ्याने जरूर घ्यावी. पण घाटाचं गणित करून बघा. ५०० मीटर उंची उतरायची असं धरा. तेवढी ऊर्जा म्हणजे ताशी १०० वरून शून्यावर साधारण बारा-तेरा वेळा थांबणं (वजन दोन्हीकडे तेच, म्हणून कटतं). ही सगळी ऊर्जा ब्रेकने खायची की इंजिनाने, हे ठरवणारा गियर फुकट मिळतो. जीपवाल्याला हे माहीत होतं. आम्हा चार इंजिनियरांना नाही.

शिवाय मोठ्या डिस्कला मोठी रिम लागते, मोठ्या रिमवर पातळ टायर येतो आणि सातपुड्यातला पहिलाच खड्डा त्याचा निकाल लावतो. नुसते पुढचे ब्रेक बदलले तर पुढच्या-मागच्या ब्रेकचा कंपनीने साधलेला तोल बिघडू शकतो. डिस्कला पाडलेल्या भोकांपासून तडे जाऊ शकतात. रेसिंगचे पॅड थंड असताना नीट पकडत नाहीत, म्हणजे सकाळच्या पहिल्या वळणाला देवाचं नाव घ्या. आणि मागच्या ड्रमची लाज वाटून घेऊ नका. चाकणला बनलेल्या पोलो जीटी टीएसआयलाही २०२२ मध्ये बंद होईपर्यंत मागे ड्रमच होते. ब्रेक मारला की वजन पुढे येतं, बहुतेक काम पुढचे ब्रेकच करतात.

मग पैसे कुठे घालायचे? माझा क्रम असा. आधी चांगले टायर. मग सीलबंद डब्यातलं ताजं डॉट ४ ऑइल, दर दोन वर्षांनी (तुमच्या गाडीला मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते बघून). मग रस्त्यासाठी बनवलेले चांगले पॅड, आणि नीट रुळवून घेतलेले. एवढं करूनही ब्रेक तापून ढिले पडत असतील तर आधी आपला उजवा पाय तपासा. त्यानंतर किट.

पण ऑइल दिसत नाही ना! त्याचा फोटो टाकता येत नाही. आपण दिसणारी सुरक्षितता विकत घेतो आणि बिल रस्त्याच्या कडेने चालणाऱ्याच्या नावावर फाडतो. त्या बायकांना आमच्या कॅलिपरचा रंग माहीत नव्हता. त्यांना फक्त गाडी थांबायला हवी होती.

असो. मित्राने किट अजून काढलेलं नाही, ऑइल मात्र बदललंय. तुमच्या गाडीचं शेवटचं कधी बदललं होतं? आठवत नसेल तर ते लाख रुपये जरा थांबू द्या.